डेल्फिनच्या नळीसाठी जोडीचे सेल

आदरणीय मनांग पुरिता यांना,

काबुगाओहून तुमच्या भावजयीचा, रोसेंदाचा नमस्कार. मध्ये समुद्र असल्यामुळे तुमचा हात कपाळाला लावता येत नाही. तो लावला असं समजून आशीर्वाद द्यावा. होनोलुलूच्या त्या हॉटेलातल्या धुलाईच्या खोलीत अजून तितकंच गरम होतं का? तुमच्या गुडघ्याचं काय? इथून पाठवलेलं तेल तुम्ही लावत नसणार, वास येतो म्हणून, पण रात्री तरी लावावं. इथे सगळे बरे आहेत. तातांगना नवी कवळी बसवली आहे. ती ते चर्चसाठी जपतात आणि जेवताना काढून खिशात ठेवतात, कारण जेवणात झिजली तर देवापुढे काय घालायचं, असं त्यांचं म्हणणं. नानांगची तब्येत हाच या पत्राचा विषय आहे, म्हणून ती ओघात येईल.

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर नानांग, तुमच्या आई, माझ्या शेजारी बसलेल्या असतात आणि तुमचा आवाज मला ऐकू यायच्या आधी त्यांना ऐकू येतो. त्यामुळे काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. हे पत्र कॉनराडो घेऊन येतो आहे, त्याला चहा पाजावा. तुमच्या मागच्या पत्रात दोन प्रश्न होते. पहिला, नानांगनी काळे कपडे उतरवले की नाही. दुसऱ्याकडे मी मागाहून येते.

काळे कपडे उतरवले. पण ते कसे उतरले ते सांगायला जरा जागा लागेल.

डेल्फिनला जाऊन वर्ष भरत आलं तसं वाक्सीची, म्हणजे काळं उतरवायच्या विधीची, तयारी सुरू झाली. प्रार्थनेला शेजारच्या ओपेंगबाई, स्वयंपाकाला मी, डुक्कर कुठून आणायचं यावर बोलायला तातांग, असं ठरलं होतं. त्या सुमारास नानांगना स्वप्न पडायला लागलं. स्वप्नात डेल्फिन दारात उभा असतो, आत येत नाही, आणि खिसे चाचपत असतो. शर्टाचा खिसा, मग पँटचे दोन्ही, मग परत शर्टाचा. तो घरातून निघताना रोज हेच करायचा, हे तुम्हाला आठवत असेल, म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण नानांगनी त्याचा अर्थ लावला की पोराला त्याची वाफ मिळत नाही. अतांगचं, गेलेल्या माणसासाठीचं, ताट आम्ही दर वेळी त्याच्यापुढे मांडत होतो, भात, उकडलेलं अंडं, उसाच्या दारूचा, बासीचा, पेला. त्याचं होईपर्यंत कोणी हात लावत नव्हतं. सिगारेटऐवजी तो ओढायचा ती सेलवरची पितळी नळीही ताटात ठेवत होतो. पण नळी रिकामी होती. नानांग म्हणाल्या, तुमच्या आजोबांपुढे आपण कधी न पेटवलेला चिरूट ठेवला आहे का? कोणी तरी पेटवून, एक झुरका घेऊनच ठेवतो. मग डेल्फिनपुढे वर्षभर रिकामी नळी ठेवली, हा पोराचा अपमान झाला. त्याला वाफ मिळेपर्यंत त्या काळं उतरवणार नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांनी जेवण सोडलं. अगदी सोडलं असं नाही, पातळ पेजेवर आल्या. डॉक्टर म्हणाले की या वयात पेजेवर फार दिवस काढता येत नाहीत. एवढं बोलायचे त्यांनी पैसे घेतले, पण ते बरोबर बोलले.

आता नळी रिकामी का होती, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. (तुम्ही आलात तोपर्यंत शवपेटी बंद झाली होती.) डेल्फिनच्या नळीत दोन सेल लागत, एकावर एक. तो न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला त्या दिवशी ते दोन्ही सेल त्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत, त्याच्या खिशात होते. (केस अर्धेच कापून झाले होते. न्हावी संध्याकाळी कात्री घेऊन घरी आला आणि उरलेली बाजू कापून गेला. पैसे घेतले नाहीत. हे मी कोणाला लिहिलं नव्हतं.) पेटीत नळी ठेवायची नाही, असं अंत्यविधीवाल्याने सांगितलं. तेव्हा नानांगनी डबी उघडली, एक सेल डेल्फिनच्या शर्टाच्या खिशात घातला आणि एक स्वतःजवळ ठेवला. त्यांचा विचार असा की एका सेलवर त्याचं भागणार नाही, म्हणजे दुसऱ्यासाठी तो येईल. तो आला, स्वप्नात आला. पण एक तिकडे आणि एक इकडे असल्यामुळे वाफ काही दोन्हीकडे होईना.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की उरलेल्या सेलला जोडीदार शोधायचा. हे मला आधी अगदी सोपं वाटलं.

डेल्फिन जेवताना काय बोलायचा ते तुम्ही सुट्टीत ऐकलं आहे, पण तुम्ही तीन आठवडे ऐकलं. आम्ही लग्नापासून ऐकलं. इतरांच्या यंत्रात म्हणे एक छोटा मेंदू असतो, काही चुकलं की तो वीज बंद करतो. त्याच्या नळीत मेंदू नव्हता. बटण दाबलं की सेलची सगळी ताकद थेट वाफ करणाऱ्या तारेत, मध्ये कोणी विचारणारं नाही. म्हणून सेल निवडणाऱ्याला मेंदू पाहिजे, हे सांगून तो स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायचा आणि मग मासा संपेपर्यंत सेलविषयी बोलायचा. तेव्हा मला वाटलं, घरातच सगळं ज्ञान आहे, विचारायला बाहेर कशाला जायचं. मी सगळ्यांना बसवून विचारलं. तर असं निघालं की प्रत्येकाच्या डोक्यात त्याच्या बोलण्याचा एकेकच तुकडा राहिला आहे. नानांगना आठवत होतं की सेलची कातडी, म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन, कुठे फाटलेलं असता कामा नये. तातांगना आठवत होतं की सेलवर जो मोठा आकडा छापलेला असतो त्यात काही तरी महत्त्वाचं आहे. मला व्होल्टला ओहमने भागायचं एवढं आठवत होतं, पण भागून काय करायचं ते नाही. आणि ओपेंगबाई, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तो म्हणायचा, त्यांचं लग्न लावावं लागतं."

"कोणाचं?" तातांग म्हणाले.

"सेलचं."

तातांगनी कवळी काढून खिशात ठेवली, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणं संपलं.

याच्यानंतरच्या शुक्रवारी जपमाळेचा प्रकार झाला. नानांग तो सेल त्यांच्या जपमाळेच्या कापडी पिशवीत ठेवत होत्या, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही पाठवलेली ती चांदीच्या साखळीची माळ, तीच. आमच्या ओसरीवर प्रार्थना चालू होती, नानांगनी माळ अजून बाहेर काढली नव्हती, पिशवी मुठीत धरून बोटांवरच मोजत होत्या. अचानक त्या थांबल्या. मग म्हणाल्या, अगदी हळू, "गरम होतंय." ओपेंगबाईंनी प्रार्थना न थांबवता भुवई वर केली. नानांग म्हणाल्या, "हात आहे. डेल्फिनचा हात आहे." मग बायका उठून जवळ आल्या आणि प्रत्येकीने पिशवीला हात लावून बघितला आणि प्रत्येकीला तो लागला. ओपेंगबाईंनी सगळ्यांत शेवटी लावला, आणि त्यांना इतका लागला की त्यांनी पिशवी अंगणात फेकली. तिच्यातून धूर येत होता. मी चुलीजवळचा चिमटा घेऊन गेले, पिशवी दगडावर सरकवली आणि कोंबड्यांना हाकललं. निवल्यावर उघडली. सेलच्या वरच्या टोकाची कातडी फाटलेली होती, साखळी तिथे बरोबर आडवी पडली होती आणि एक कडी काळी झाली होती. कातडी फाटलेली नको हे नानांगना पाठ होतं. फक्त त्यांनी चष्मा लावला नव्हता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात खिडकीवर बसते, ऐकून घेऊन गप्प बसण्याचाच मला पगार मिळतो. शिवाय नानांगच्या तळव्यावर एक लाल डाग उठला होता आणि त्यावर त्या मलम लावू देत नव्हत्या. तो डाग मुठीत धरून त्या झोपल्या. त्या बाईला मी साखळीचं काय सांगणार होते?

पण त्यामुळे काम अवघड झालं. आता तो सेल साधा राहिला नाही. गल्लीतल्या बायका तो बघायला येऊ लागल्या, एकीने तर नातवाचा ताप उतरावा म्हणून मागितला. (दिला नाही.) नानांगचा हट्ट असा की नळीत हाच सेल जाणार, फक्त शेजारी कोणी तरी आणा. मी बाजारातून आधी विजेरीचा सेल आणला. त्याच्या डोक्यावर टेंगूळ होतं आणि तो बोटाच्या पेरभर जास्त लांब निघाला, नळीचं झाकण बसेना. तातांग हातोडी घेऊन आले. मी म्हटलं नको. ते म्हणाले, "मग मला बोलावलं कशाला?" मी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारात गेले आणि एक सेल घेऊन आले, लाल रंगाचा, त्यावर नऊ हजार नऊशे छापलेलं. डेल्फिनच्या सेलवर तीन हजार होतं. तातांगना वाटलं की त्यांनी त्याच्या तिप्पट आणलं. दिवसभर तो सेल त्यांनी लोकांना दाखवला. हातात घेतला तर तो इतका हलका होता की मला तो रिकामाच वाटला, पण सासऱ्यांना असं कसं म्हणायचं.

शेवटी मी विगानला जायचं ठरवलं, विल्सनच्या दुकानात. विल्सन डेल्फिनच्या त्या मंडळातला, जे रविवारी जमून कोणाच्या वाफेचा ढग मोठा याच्या स्पर्धा लावायचे. मी एकटीच जाणार होते, पण नानांग आधीच बसमध्ये बसल्या होत्या, काळा पोशाख, काळी ओढणी, आणि सेल रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला. (रुमालात, पिशवीत नाही. तेवढं मी करून घेतलं.)

विल्सन म्हणजे मोठ्या पोटाचा, हळू बोलणारा माणूस. दुकानात येणाऱ्याकडे तो बघतच नाही, भिंगातून तार वळत असतो. मी म्हटलं, नळीसाठी एक सेल पाहिजे.

"एक मिळत नाही. ओढणार कोण?"

"माझे यजमान."

"मग त्यांना घेऊन या, वहिनी. माणूस बघितल्याशिवाय मी बिनमेंदूच्या नळीला सेल देत नाही."

मी नळी काचेवर ठेवली. त्याने भिंग बाजूला केलं. बराच वेळ नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नानांगकडे, आणि उठून उभा राहिला. त्याने दुकानाचा पंखा आमच्याकडे वळवला. एवढंच केलं, पण मला ते बरं वाटलं. नानांगनी त्याला सगळं सांगितलं, स्वप्न, खिसे, वाक्सी. तो पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "नानांग, तो एका वेळी किती लांब ओढेल?"

"आता त्याला कसली घाई आहे? लांबच ओढेल."

विल्सनने हसायला पाहिजे होतं, पण त्याने मान डोलावली. "लांब ओढणार असेल तर सेल तापेल. जरा ताकदीचा घेऊ."

मग त्याने डेल्फिनची तार मोजली, पॉइंट चार ओहम निघाली. मला एकदम आठवलं आणि मी म्हटलं, दोन भरलेले सेल म्हणजे आठ पॉइंट चार व्होल्ट, भागिले पॉइंट चार, एकवीस. हे मी मोठ्याने बोलले याचं मलाच आश्चर्य वाटलं. विल्सन म्हणाला, "बरोबर. तेवढे अँपिअर सेलमधून ओढले जाणार. म्हणजे सेल त्याहून जास्त, सतत देऊ शकणारा पाहिजे. काही जण छापतात तो क्षणभराचा आकडा असतो. क्षणभर तर मीसुद्धा पळू शकतो." तातांगचा लाल सेल मी पर्समधून काढला. त्याने तो तळहातावर घेतला, दोनदा वर खाली केला आणि खालच्या वाळूच्या बादलीत टाकला. तातांगना मी सांगितलं आहे की तो सेल विल्सनला इतका आवडला की त्याने ठेवून घेतला. तुम्हीही तेच सांगावं.

मग नानांगनी रुमाल उघडला. विल्सनने डेल्फिनचा सेल बघितला, फाटलेली कातडी, काळा डाग, आणि म्हणाला, "हा कोणी साखळी...", तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय ठेवला. माझ्या आयुष्यात मी परक्या माणसाच्या पायावर पाय ठेवला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग नानांगच्या तळव्याकडे. त्या डाग समोर धरूनच बसल्या होत्या. मग तो म्हणाला, "नानांग, याने त्याचं काम केलं. आता याला त्रास द्यायचा नाही."

"याला जोडीदार दे. चांगला दे, महाग चालेल."

"नाही देता येत. यांचं लग्न लावतात. दोन एका दिवशी घ्यायचे, एकत्र वापरायचे, एकत्र भरायचे. एक गेला की दुसऱ्यालाही नळीतून काढायचा. जुन्याबरोबर नवा घातला तर नवा जोर करतो, जुना थकतो आणि तापतो. मग काय होईल ते मी तुमच्यासमोर बोलत नाही."

बरं, ओपेंगबाईंचं खरं निघालं. (त्या अजून मला ऐकवत आहेत.)  नानांगनी माझ्याकडे बघितलं, माझ्या काळ्या कपड्यांकडे, आणि पुन्हा सेलकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. विल्सनने फळीवरून दोन नवे सेल काढले आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, एकच कंपनी, एकच जात, एकाच खेपेतले.

"म्हणजे भावंडं?" नानांगनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"आणि यांचं लग्न लावणार?"

विल्सन फळीवर चिकटपट्टी शोधू लागला. नानांग म्हणाल्या, एका पोटचे आणि नवराबायको, हे कोणत्या धर्मात चालतं, पाद्र्याला विचारलं आहे का, आणि असल्या जोडीची वाफ त्या आपल्या मुलाला देणार नाहीत. मी त्यांना बाहेर नेलं, एम्पनाडा खायला घातला. (अर्धा खाल्ला, बऱ्याच दिवसांनी तळलेलं खाल्लं.) आणि समजावलं की सेलना पोट नसतं. त्या म्हणाल्या, "पोट नाही तर मग लग्न तरी कशाला?"  पण खाऊन झाल्यावर त्या आपण होऊन आत गेल्या आणि विल्सनला म्हणाल्या, "चुलत भावंडं समज. दे." विल्सनने दोघांना एकाच निळ्या पट्टीचा तुकडा लावला, नवी डबी दिली आणि नाणी, किल्ल्या, माळा यांच्याजवळ ठेवू नका असं सांगितलं. माळा हा शब्द त्याने माझ्याकडे बघून, हळूच उच्चारला. नानांग पाकिटातून चर्चच्या पवित्र पाण्याची बाटली काढत होत्या. त्याने ती प्रेमाने परत आत घातली. जुना सेल त्याने ठेवून घेतला, हळूहळू पूर्ण रिकामा करून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून परत देतो म्हणाला. आता तो थडग्यावरच्या कोनाड्यात ठेवला आहे, मेणबत्त्यांपासून लांब. दोन्ही सेल डेल्फिनजवळ झाले.

वाक्सीच्या सकाळी विल्सन स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून. कापूस बदलला, तार तपासली, डेल्फिनचं ते लेचे फ्लानच्या, अंड्यादुधाच्या गोडाच्या, वासाचं लिक्विड घातलं, सेल नळीत बसवले. ओपेंगबाईंनी प्रार्थना सुरू केली. ताट मांडलं, भात, अंडं, बासी, आणि मध्ये नळी, नानांगनी स्वतः पुसलेली. मग सगळे थांबले, कारण आता कोणी तरी पहिला झुरका घ्यायचा होता. विल्सन म्हणाला, मी परका. तातांगनी कवळी दाखवली. माझ्याकडे सगळे बघायला लागले आणि मी स्वयंपाकघरात काही विसरलं आहे का ते आठवू लागले. तेव्हा नानांग उठल्या. तुम्हाला माहीत आहे त्या चिरूट कसा ओढतात, पेटलेलं टोक तोंडात घालून, तुमच्या जन्माच्या आधीपासून. त्यांनी नळी उचलली आणि तिचा बुडखा, बटणाची बाजू, सरळ तोंडात घातली. विल्सन कधी न पळणारा माणूस, तो पळत आला. "नानांग, उलटं. दुसऱ्या बाजूने."

"आग कुठे आहे?"

"आत आहे."

"मग आतली बाजू तोंडात पाहिजे."

शेवटी विल्सनने नळी सरळ करून त्यांच्या ओठांना लावली आणि स्वतः बटण दाबलं. बारीक चर्र असा आवाज झाला. तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. नानांगनी ओढलं, त्यांच्या छातीच्या मानाने फार ओढलं, आणि सोडलं. मनांग, ढग इतका मोठा झाला की ताट दिसेना. अंडंही दिसेना. आणि मग वास आला. लेचे फ्लानचा, जळलेल्या साखरेचा, डेल्फिनच्या शर्टाचा वास. ओपेंगबाई प्रार्थनेच्या मध्येच चुकल्या आणि दोनदा तीच ओळ म्हणाल्या. रस्त्यावरून जाणारं कोणी तरी म्हणालं, आज यांच्याकडे गोड आहे वाटतं. ढग दाराकडे गेला, दारात जरा थांबला (वारा नव्हता, एवढंच) आणि विरला. नानांग दाराकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्या काय म्हणतील त्यावर सगळं होतं. त्यांनी नळी ताटात ठेवली, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "फिकं आहे." मग डोक्यावरची काळी ओढणी काढली, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. माझी त्यांनीच काढली.

आणि त्या जेवल्या. भात, डुकराचं मांस, डेल्फिनच्या ताटातलं अंडं, सगळं. जेवता जेवता तातांग विल्सनला सांगायला लागले की सेल घेताना मोठा आकडा बघावा. विल्सन म्हणाला, तसं नाही. नानांग म्हणाल्या, आकडा राहू दे, कातडी बघ. ओपेंगबाई म्हणाल्या, सगळ्यात आधी लग्न. मी म्हटलं, आधी भागाकार करावा. मग मासा संपेपर्यंत सगळे एकदम बोलत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला चूक ठरवत होता. वर्षभर आमच्या टेबलावर काटे काढल्याचाच आवाज यायचा. भांडी घासायला मी उशिरा उठले.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. प्रकृतीला जपावं, तेल लावावं. तातांग आणि नानांग यांचे आशीर्वाद आहेतच. ओपेंगबाईंनीही दिले आहेत, न मागता.

तुमची,
रोसेंदा

ता. क. साखळीचं नानांगना कधी कळू देऊ नये. तळव्यावरचा डाग पुसट झाला आहे आणि त्या तो फोनवर तुम्हाला दाखवतील. दिसला नाही तरी दिसला म्हणावं.

आणखी एक. बॉक्समधून सेल पाठवू नयेत, जहाजवाले घेत नाहीत आणि विल्सनला राग येईल. पण लेचे फ्लानचं लिक्विड तिकडे मिळत असेल तर बघावं. नानांग रोज संध्याकाळी डेल्फिनसाठी एक झुरका घेतात. मग तो नीट मिळाला का हे बघायला दुसरा घेतात. फिकं आहे असं अजून म्हणतात. काल त्यांनी विल्सनला निरोप पाठवला की याहून जोरदार तार मिळेल का. मी तो निरोप पोचवलेला नाही.

शेवटचं. तुमचा दुसरा प्रश्न, फोटो पाठवलेल्या त्या रुपर्तो सिबायान यांच्या स्थळाविषयीचा. माझा विचार नकार कळवायचा होता आणि कारण म्हणून मी विल्सनचा नियम लिहिणार होते, जुना आणि नवा एका नळीत घालत नाहीत तो. नानांगना तसं बोलले, म्हटलं, तुमच्यासमोरच सांगितलं ना त्याने. त्यांनी नळी तोंडातून काढली आणि म्हणाल्या, "तू काय बॅटरी आहेस?" मग फोटो उचलून बघितला, चष्मा लावून, आणि परत माझ्याकडे दिला. म्हणून नकार सध्या कळवत नाही. सिबायान यांचं घर, नोकरी, पहिल्या बायकोचा आजार हे सगळं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे. एक लिहायचं राहिलं आहे, तेवढं शोधून कळवावं. हे गृहस्थ जेवताना बोलतात का? विषय कोणताही चालेल.